ग्रॅनडा पडलंच नसतं तर? (अंदालुस, गोवा आणि आपला वडापाव)

उंटावरचा_शहाणा

मंडळी, मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने माद्रिदला गेलो होतो, कामं आटपल्यावर चार दिवस सुट्टी जोडून कोर्दोबा आणि ग्रॅनडा करून आलो. कोर्दोब्याच्या मशिदीत शिरलो आणि अक्षरशः हरवलो. लाल-पांढऱ्या कमानी, खांबामागे खांब, साडेआठशेच्या वर खांब आहेत म्हणे, आणि त्या जंगलात चालता चालता मधोमध एकदम एक अख्खं कॅथेड्रल उभं. मशिदीचं पोट फाडून आत चर्च बसवलंय. बायको म्हणाली फोटो काढ आणि चल, पण डोक्यात जो किडा शिरला तो अजून निघाला नाही.

७११ मध्ये तारिक बिन झियाद हा मुसलमान सेनापती आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला (जिब्राल्टर म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर, हे मला तिथंच कळलं) आणि २ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोअब्दिल याने ग्रॅनडा इसाबेला-फर्डिनांडच्या ताब्यात दिलं. मधला हा मुसलमानी स्पेन म्हणजे अंदालुस, पावणेआठशे वर्षांहून जास्त. महाराजांच्या राज्याभिषेकाला आत्ता साडेतीनशे झाली, त्याच्या दुपटीहून जास्त!

तर जर-तरचा खेळ. ग्रॅनडा पडल्यावर साडेतीन महिन्यांत, १७ एप्रिलला, ग्रॅनडासमोरच्या सांता फेच्या छावणीतच राणीने कोलंबसशी करार केला. ती लढाईतच अडकून पडली असती तर कोलंबस नाही, अमेरिका नाही, मागोमाग पोर्तुगीजही नाहीत, गोवा आदिलशहाकडेच, आणि मिरची नाही, बटाटा नाही, पाव नाही. थोडक्यात वडापाव नाही.

लॉजिक बरोबर आहे का? फाडा.

कट्ट्यावरचा_बाळू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कट्ट्यावरचा_बाळू

अरे थांबा, मकासुद्धा अमेरिकेचाच ना? मग शेंगदाणे घेऊन... ते पण?? बरं, चणे घेऊन बसलोय.

तवारीख
*लॉजिकला भोक आहे*

शहाणेराव, प्रश्न झकास पण तुमचा 'जर' चुकीच्या जागी पडलाय. तुम्ही स्पेन आणि पोर्तुगाल एकाच पोत्यात घातलेत. पोर्तुगीजांचं मुसलमानांशी घरचं युद्ध १२४९ मध्येच संपलं, अल्गार्व्ह घेतलं तेव्हा. त्यानंतर ग्रॅनडा उभं होतं की पडलं होतं याने लिस्बनला काडीचा फरक पडत नव्हता. १४१५ मध्ये त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं, १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेला वळसा घालून आला, या सगळ्या काळात ग्रॅनडाचा सुलतान अल्हम्ब्रामध्ये कारंजी बघत बसलेला होता. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला येणारच होता. आणि दियाश कोलंबसच्या चार वर्षं आधीचा, मग 'मागोमाग' कसं?

ग्रॅनडा वाचलं असतं तर कोलंबस कदाचित लटकला असता, पण त्याने भावाला इंग्लंड-फ्रान्सकडे धाडलेलंच होतं, आणि १४९७ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टलहून कॅबट नावाचा दर्यावर्दी गेलाच पलीकडे. म्हणजे बटाटा फार तर दहा-वीस वर्षं लेट.

तुम्हाला वडापाव खरंच मारायचा असेल तर ११४७ ला जा. इंग्लिश, फ्लेमिश, जर्मन क्रुसेडवाले समुद्रमार्गे पॅलेस्टाइनला निघाले होते, वाटेत पोर्तुगालचा राजा आफोन्सो हेन्रिकेशने त्यांना लुटीचं आमिष दाखवून लिस्बनच्या वेढ्यात ओढलं. ते थांबले नसते तर लिस्बन तेव्हा पडलं असतं का सांगता येत नाही. लिस्बन मुसलमानांकडे राहिलं तर पोर्तुगाल म्हणजे उत्तरेकडची एक किरकोळ पट्टी.

उंटावरचा_शहाणा

दंडवत घ्या तवारीखकाका. 'जर' ११४७ ला सरकवला. आता?

मांडवीकाठ

आमच्याकडे पणजीत मासळीबाजारात हा प्रश्न विचारा, निम्मे लोक म्हणतील बरं झालं असतं, निम्मे म्हणतील मग आम्ही कोण झालो असतो? दोन्ही खरं आहे. आज्जीच्या तोंडी पोर्तुगीज शब्द, देवळात म्हार्दोळ-मंगेशीच्या स्थलांतराच्या कथा (साष्टीतून देव रातोरात नदीपलीकडे नेले ते), आणि जेवणात व्हिनेगर. त्यातलं कुठलं आधी काढून टाकणार?

एक माणूस मात्र या धाग्यात यायलाच पाहिजे. पणजीत चर्चसमोर बाग आहे ना, गार्सिया द ऑर्ताच्या नावाची? त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये ग्रॅनडा घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, राजाराणीने ज्यूंना हाकलायचं फर्मान काढलं. हे कुटुंब पळून पोर्तुगालात आलं, तिथं पुढे सक्तीने ख्रिश्चन झालं. मुलगा वैद्य झाला, १५३४ ला गोव्यात आला, मुंबई बेट त्याच्याकडे भाड्याने होतं, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची नाडी बघायला जायचा, आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यात आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. १५६८ ला वारला. पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसाची.

ग्रॅनडा टिकलं असतं तर ते फर्मान निघालं असतं का? नसतं तर हा माणूस स्पेनमध्येच कुठेतरी म्हातारा होऊन मेला असता आणि आपल्या हळद-हिंग-आंब्याबद्दल त्याने एक ओळ लिहिली नसती. मला यात बरं कुठलं हे अजून ठरवता येत नाही.

शब्दवेडी

मांडवीकाठ, अंगावर काटा आला.

विषय थोडा हलका करते. त्या ऑर्ताच्या बोलीत अरबी किती होती बघा. तुमच्या-आमच्या तोंडातला 'लिलाव' पोर्तुगीज लेइलांववरून आला आणि तो त्यांच्याकडे अरबीतून. स्पॅनिशमध्ये 'ओहाला' म्हणजे 'असं होवो', मूळ अल्लाची इच्छा असेल तर. आल्काल्दे म्हणजे महापौर, मूळ अल-काझी. ग्वादालकिव्हिर नदी म्हणजे वादी अल-कबीर, मोठी नदी, बास. आणि उलटा प्रवास तर आणखी मजेदार: आपली शर्करा अरबांकडे सुक्कर झाली आणि स्पेनमध्ये आसूकार. नारंगची नारांखा. चतुरंगचं शतरंज, त्याचं आखेद्रेस. म्हणजे आठशे वर्षांत अंदालुसने आपला माल युरोपला विकला आणि नंतर पोर्तुगीजांनी त्यांचा माल आपल्याला.

सरळ_रेघ
*गुलाबी चष्मा*

हे ज्यू-मुस्लिम-ख्रिश्चन गुण्यागोविंदाने नांदत होते वगैरे चालू व्हायच्या आत सांगतो. इसवी सन ८५० च्या दशकात कोर्दोब्यात पन्नासाच्या आसपास ख्रिश्चनांची डोकी उडवली. १०६६ मध्ये ग्रॅनडात ज्यू वजिराला मारून वस्तीची कत्तल झाली. मुवाहिद (आफ्रिकेतली कडवी बर्बर राजवट) आले तेव्हा ज्यू-ख्रिश्चनांना धर्म बदला नाहीतर चालते व्हा. ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस कोर्दोब्याचा, त्याचं घर त्यामुळेच सुटलं, फिरत फिरत इजिप्तला गेला. तत्त्वज्ञ इब्न रुश्द तर मुसलमान, त्यालाही ११९५ मध्ये हद्दपार केला आणि पुस्तकं जाळली. हे राज्य टिकलं असतं तर स्वर्ग आला असता असं ज्यांना वाटतं त्यांनी कृपया आधी हे वाचावं.

मांडवीकाठ

सरळ_रेघ, स्वर्ग कोण म्हणालं? मी फर्मान निघालं असतं का एवढंच विचारलं. तुमचा मुद्दा मान्य, उत्तर अजूनही येतं की त्या विशिष्ट वर्षी त्या विशिष्ट दिवशी निघालं नसतं.

कट्ट्यावरचा_बाळू

आला आला, धागा वळणावर आला. चणे अर्धे संपले.

तवारीख

बाळ्या गप रे.

सरळ_रेघ यांनी दिलेल्या घटना खऱ्या आहेत. पण त्याच ग्रॅनडात त्याआधी श्मुएल हा-नगीद नावाचा ज्यू वजीर होता, कवी, तलमुदाचा पंडित, आणि सुलतानाच्या फौजेबरोबर मोहिमेवर जाणारा. १०६६ ला मारला गेला तो त्याचा मुलगा. बापाची सत्ता आणि मुलाची कत्तल एकाच घरात, एकाच शहरात. म्हणून 'अंदालुस कसं होतं' याचं एक उत्तर नाहीच, 'कुठल्या साली' हे आधी विचारावं लागतं.

आणि 'टिकलं असतं' म्हणताना नक्की काय टिकवताय? कोर्दोब्याची खिलाफत ९२९ ला जाहीर झाली आणि १०३१ ला संपली, जेमतेम शंभर वर्षं. ती ख्रिश्चनांनी पाडली नाही. अल-मन्सूर नावाचा कारभारी (आपल्या पेशव्यांसारखाच प्रकार, खलिफा नावाला आणि कारभार याच्याकडे) १००२ ला मेला. त्याच्या धाकट्या मुलाला दुर्बुद्धी सुचली आणि त्याने खलिफाकडून स्वतःलाच वारस म्हणून लिहून घेतलं. झालं, १००९ ला बंड, बर्बर विरुद्ध अरब विरुद्ध स्लाव, मदिना अझ-झहरा हे खलिफाचं राजवाड्याचं शहर लुटलं, आणि एका राज्याची वीसेक संस्थानं. तीच संस्थानं मग उत्तरेच्या राजांना खंडणी देऊन एकमेकांशी लढत बसली. चौथाई भरत बसायचं आणि शेजाऱ्यावर चालून जायचं, ओळखीचं वाटतंय ना?

१०८५ ला तोलेदो गेलं तेव्हा सगळ्यांना घाम फुटला आणि त्यांनी आफ्रिकेतून मुराबितांना (तिकडच्या बर्बर राजवटीला) बोलावलं. सेव्हिलच्या मुतमिदला लोक म्हणाले अरे हे मुराबित तुझंच राज्य घेतील, तर तो म्हणाला म्हणे की कॅस्टिलमध्ये डुकरं राखण्यापेक्षा आफ्रिकेत उंट राखेन. घेतलंच राज्य, मुतमिद मोरोक्कोत कैदेत मेला.

माझा 'जर' म्हणून १००९ चा. त्या पोराने ते लिहून घेतलं नसतं तर.

उंटावरचा_शहाणा

उंट राखणारा सुलतान! माझ्या आयडीचं सार्थक झालं. 'जर' १००९ ला सरकवला. हा धागा असाच मागे जात राहिला तर मी पुढच्या प्रतिसादात ७११ ला पोचेन.

नाखवा

बोटीवर असल्याने उशीर. मी मर्चंट नेव्हीत आहे, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून किती वेळा गेलो मोजलं नाही. अरुंद जागी चौदा किलोमीटर, स्वच्छ हवेत दोन्ही बाजू दिसतात. ही खाडी आहे, सरहद्द नव्हे, हे तिथं उभं राहिलं की कळतं. म्हणून आफ्रिकेतून मदत येणं बंद झालं की अंदालुस संपलं, एवढं सोपं गणित आहे माझ्या मते.

आता मूळ प्रश्न. मुसलमान लिस्बनने समुद्र ओलांडला असता का? इद्रिसी या भूगोलकाराने एक गोष्ट लिहून ठेवलीय, ११४७ च्या आधीची. लिस्बनचे आठ चुलतभाऊ, बोट बांधली, काही महिन्यांचं पाणी-शिधा भरला, आणि अटलांटिकमध्ये घुसले पुढे काय आहे बघायला. एका बेटावर मेंढ्याच मेंढ्या, मारून बघितल्या तर मांस कडू. पुढच्या बेटावर पकडले गेले, तिथं अरबी बोलणारा दुभाषा निघाला (!), शेवटी डोळे बांधून मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सोडून दिलं. कडू मेंढ्या असोत नसोत, खाज होती पोरांना.

पण खाज आणि गरज वेगळी. पोर्तुगीज आफ्रिकेचा किनारा धरून खाली सरकत गेले ते सोन्यासाठी, आणि मग गुलामांसाठी. अंदालुसला ते सोनं सहारातून उंटांवरून मोरोक्कोतल्या सिजिल्मासाला आणि तिथून घरपोच येत होतं. मसाले इजिप्तमार्गे. ज्याच्या दारात गाडी थांबते तो वळसा घालून कशाला चालत जाईल? पोर्तुगीजांनी तीन-चार पिढ्या हाल खाऊन एक गोष्ट शिकली, परतीला किनाऱ्याने न येता उलटं खोल समुद्रात शिरायचं, मोठा बाक घेऊन पश्चिमेचे वारे पकडायचे आणि मग घर. हे कुणी हौसेने शिकत नाही. त्याच बाकात काब्राल १५०० मध्ये ब्राझीलवर जाऊन आपटला, इकडे यायला निघाला होता तो.

पाणचक्की

गेली सहा वर्षं व्हॅलेन्सियात राहते, सिंचनातलंच काम आहे म्हणून एक सांगते. इथं कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचं न्यायालय भरतं. काळे अंगरखे घातलेले शेतकरी गोलात बसतात, आठ कालव्यांचे आठ, सगळं तोंडी, वकील नाही, निकाल तिथल्या तिथं. परंपरेनं हे अरबांच्या काळापासून चालत आल्याचं सांगतात. कालव्याला स्पॅनिशमध्ये आसेकिया म्हणतात, तोही अरबी शब्द. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा तक्रारच नव्हती एकही, दोन मिनिटांत उठले सगळे, मी रजा टाकून गेले होते.

म्हणजे 'टिकलं नाही' हे दरबाराबद्दल ठीक. भात, ऊस, संत्री, वांगी, पाटाचं पाणी हे सगळं राहिलं. माणसं मात्र काढली. १६०९ ते १६१४, तीनेक लाख मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले मूळचे मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. व्हॅलेन्सियाची गावंच्या गावं ओस पडली आणि जमीनदार बोंबलत बसले की आता शेत कसणार कोण.

सरळ_रेघ

पाणचक्कीताई, छान माहिती. हे धरून माझं वाक्य थोडं बदलतो, जुलूम दोन्हीकडे होता पण अख्खी प्रजाच काढून टाकायची हे दुसऱ्या पार्टीचं काम. झालं समाधान?

मांडवीकाठ

झालं :) साष्टीत या कधी, मासे खायला घालतो.

घंटानाद

अतिअवांतर, पण राहवत नाही. अल-मन्सूरने ९९७ मध्ये सांतियागोवर स्वारी केली आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोब्याला आणून मशिदीत टांगल्या, दिवे म्हणून. १२३६ ला कोर्दोबा पडलं तेव्हा फर्डिनांड तिसऱ्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या. २३९ वर्षांनी!

आता आपल्याकडे या. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा आल्या भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला, मेणवलीला. पोर्तुगीज नसते तर वसईची मोहीम नाही आणि नारोशंकराला दुसरी कुठलीतरी घंटा.

तवारीख

वा! हे जोडलं नव्हतं कधी डोक्यात. आणि कल्याण-भिवंडीला महाराजांनी जहाजं बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामाला होते, तेही यात धरा.

मेतकूट_भात
*तुम्ही सगळे वडापाववरच अडकलात*

पुरुषमंडळी वडापावसाठी रडतायत, जरा आमच्या उपासाकडे बघा. बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, शेंगदाणा अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो अमेरिकेचा. रताळंही तिकडचंच, राजगिरासुद्धा. आषाढीला उरलं काय? वरीचे तांदूळ, शिंगाडा आणि दही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं आम्ही म्लेंच्छांचं खाऊन उपास केले? म्हटलं हो, आणि खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेतलीत.

शब्दवेडी

ताई, फुटले!! आणि 'बटाटा' हा शब्दच मुळात रताळ्याचा बरं का, बाताता म्हणजे रताळं, नंतर बटाट्याला चिकटला.

हापूसवाला

हापूस पण गेला ना? आफोन्सोवरून हापूस, कलमं बांधायला पोर्तुगीज पाद्र्यांनी शिकवलं. मग मी या काल्पनिक इतिहासाच्या विरोधात मतदान करतो. चर्चा संपली. देवगडचा काय रत्नागिरीचा काय, नंतर भांडू.

कट्ट्यावरचा_बाळू

देवगड.

हापूसवाला

बाळू, व्यनि कर, पत्ता दे, बघतोच.

उंटावरचा_शहाणा

सगळं वाचून माझा सुधारित इतिहास मांडतो. १००९ चं बंड नाही, खिलाफत धडपडत टिकते, लिस्बन तिच्याकडेच. सोनं उंटावरून येत राहतं म्हणून कुणी समुद्रात शिरत नाही (नाखवा). अमेरिकेला ब्रिस्टलवाले नाहीतर बास्क-ब्रेतन मच्छीमार पोचतात, सावकाश, कॉड मासा पकडत पकडत. मिरची तिथून कोर्दोब्याच्या बाजारात, तिथून अलेक्झांड्रिया, एडन, आणि एखाद्या अरबी गलबतातून चौल-दाभोळला. म्हणजे मिरची येते, फक्त पाद्र्याऐवजी व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून. नाव 'मिरची'च, कारण ते आपण मिरीवरून ठेवलं. बटाट्याचं नाव मात्र दुसरंच काहीतरी. पाव नाही, खुब्ज. वडा-खुब्ज.

तवारीख

चालेल. एक खोडी काढतो: १४९८ ला गामाचा माणूस कालिकतला उतरला तेव्हा त्याला पहिले भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान, आणि ते त्याच्याशी कॅस्टिलियन आणि जिनोव्हामधल्या बोलीत बोलले, तुला इथं कुठल्या सैतानाने आणलं म्हणून. म्हणजे वाट आधीपासून होतीच, फक्त ती तोफा घेऊन येत नव्हती. मैमोनिदीसचा सख्खा भाऊ हिंदुस्थानच्या व्यापारासाठी निघालेला असताना हिंदी महासागरात बुडाला. कोर्दोब्याच्या घरातला माणूस, गामाच्या तीनशे वर्षं आधी.

मेतकूट_भात

बुडाला बिचारा :( त्याच्या बायकोपोरांचं काय झालं?

तवारीख

भावाने सांभाळलं. आणि स्वतः वर्षभर अंथरुणाला खिळला त्या धक्क्याने, असं त्याच्याच पत्रात आहे.

शब्दवेडी

उंटराव, वडा-खुब्ज नको, मी तुम्हाला बरं काहीतरी देते. वांगं. मूळचं आपल्याकडचं, फारसीत बादिंगान, अरबीत अल-बादिंजान, स्पेनमध्ये बेरेनखेना, पोर्तुगालात बेरिंजेला, आणि तेच पोर्तुगीजांबरोबर परत येऊन साहेबाच्या तोंडी ब्रिंजल झालं. इथून गेलं आणि वळसा घालून इथंच आलं. तुमच्या इतिहासात ते तिकडे जातं पण ब्रिंजल होऊन परत येत नाही. वांगं वांगंच राहतं आणि भरीत वाचतं.

उंटावरचा_शहाणा

मान्य. अधिकृत पदार्थ: भरीत-खुब्ज. बायकोला सांगतो, स्पेनच्या ट्रिपचा खर्च वसूल.

तापीकाठचा

दोन दिवस गप वाचत होतो. वांगं, कांद्याची पात, लसूण सगळं ठीक हाये, पण मिरची 'सावकाश, कॉड पकडत पकडत' येणार म्हणता, म्हणजे तोवर भरतात मिरी घालायची का? हे जरा जळगावात येऊन बोलून दाखवा भाऊ.

कट्ट्यावरचा_बाळू

चणे संपले. मी येतो जळगावला, भरतासाठी. युद्ध बघायला पण.